वेळेचा पक्का

माझं चष्म्याचं दुकान आणि त्याचं घड्याळदुरुस्तीचं, मध्ये एक फळ्यांची भिंत. अठरा वर्षं शेजार आहे. गेल्या वर्षी मी माझं मनगटी घड्याळ त्याच्याकडे टाकलं, तेव्हा तो म्हणाला, "चार दिवसांनी घेऊन जा." ते अजून तिथेच आहे. गिऱ्हाईक आलं की डोळ्यावरचं भिंग न काढता तो सांगतो, "तयारच आहे, फक्त तेल द्यायचंय." तेव्हा त्या घड्याळाचं झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. इतकं बेमालूम खोटं बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

याच माणसाला गल्ली 'शतांश' म्हणायला लागली, ती त्याच्या मुलीमुळे.

मुलगी अकरा वर्षांची. सातव्या वर्षी पोहायला घातली, तर तलावाबाहेर यायलाच तयार नसायची. ओठ निळे पडले तरी "बाबा, अजून एकदा". इथपर्यंत सगळं बरं होतं. मग कुठल्याशा स्पर्धेत ती दुसरी आली आणि याला प्रश्न पडला, पहिली का नाही. लगेच त्याने एक जुनं, चावीचं, सेकंदाचे शंभर भाग दाखवणारं स्टॉपवॉच कुठूनसं मिळवलं आणि उघडून, पुसून, तेल देऊन एका संध्याकाळीत चालू केलं. दुकानातल्या भिंतीवरची बाकीची अकरा घड्याळं अकरा वेळा दाखवत राहिली.

रोज सकाळी सहाला तलाव. पोरगी पन्नास मीटर मारून भिंतीला हात लावायची, डोकं वर काढायची आणि टॉवेलच्या आधी तिला आकडा मिळायचा. "एकोणचाळीस बासष्ट." कधी टॉवेल मिळायचाच नाही, "पुन्हा जा" मिळायचं. जिल्ह्याच्या संघात जायला निवड चाचणीत अडतीसच्या आत यायला हवं होतं. त्यापायी घरी बादलीत तोंड घालून श्वास धरणं सुरू झालं. कमरेपर्यंतची वेणी गेली, कारण म्हणे ती पाण्याला अडते. पोहताना पोरगी टोपी घालते, हे मी त्याला दोनदा सांगितलं. आणि हा स्वतः? गुडघाभर पाण्यात उतरला तरी कठडा सोडत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हा तर खरोखरच कोरडा.

तो एकटाच वेडा होता असंही नाही. तलावाकाठच्या बाकांवर आईबापांची फौजच असायची. एक वकीलबाई मुलाच्या प्रत्येक श्वासाला वरून "आता घे" म्हणून ओरडायच्या. बँकेतले एक साहेब दुसऱ्यांच्या मुलांच्या वेळा वहीत टिपून घ्यायचे आणि कुणी जवळ आलं की वही मिटायचे. मुलं पाण्यात पोहत होती आणि आईबाप एकमेकांना पाण्यात पाहत होते.

शाळा सुटली की पोरगी माझ्या दुकानात येऊन बसायची. एकदा म्हणाली, "काका, सकाळी पोटात दुखतं."

"पाण्यात गेल्यावर?"

"नाही, पाण्यात बरं वाटतं. भिंत जवळ आली की दुखतं." थोड्या वेळाने म्हणाली, "हात लावला की आकडा येतो ना."

मी तसाच उठून शेजारी गेलो. तो म्हणाला, "अडतीसच्या आत आली की थांबेल दुखायचं." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "लोकांची घड्याळं तुझ्याकडे दोन दोन वर्षं थांबतात, आणि पोर एक दिवस थांबली तर चालत नाही? अशाने ती पाण्याचं तोंड बघणार नाही."

भिंग न काढता तो म्हणाला, "चार दिवसांनी बोलू."

चार दिवसांनी चाचणी होती. मला त्याने सोबत ओढून नेलं. आठ मुली होत्या. शिट्टी झाली आणि ही सुरुवातीपासून पुढे. काठाने हाही तिच्याबरोबर चालत होता, अंगठा स्टॉपवॉचच्या खटक्यावर. सगळ्यांच्या आधी ती भिंतीपाशी पोहोचली, हात पुढे केला आणि वीतभर अंतरावरून मागे घेतला.

बाकीच्या सातजणींनी हात लावले. ही तिथेच पाय मारत तरंगत राहिली. हात लागल्याशिवाय शर्यत संपत नाही, त्यामुळे पंचही कागद धरून उभे. बाकांवरून "हात लाव, हात लाव" सुरू झालं. सगळ्यांत मोठा आवाज वकीलबाईंचा, त्यांचा मुलगा या शर्यतीत नव्हता तरी.

हा काठावर ओणवा झाला. "पायात गोळा आला का?"

"नाही."

"मग लाव की हात."

"लावला की तुम्ही आकडा सांगाल."

मग गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्याने माझ्या हातात दिलं, टॉवेल घेतला आणि बुटांसकट पाय पाण्यात सोडून काठावर बसला. एका हाताने कठडा धरलेलाच होता.

"नाही सांगत. ये."

"खरं?"

"खरं."

"गिऱ्हाइकांना सांगता तसं नाही ना?"

"तसं नाही."

मी हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं. ते थांबलेलं होतं. तिचा हात भिंतीजवळ आला तेव्हा सवयीने त्याचा अंगठा खटक्यावर दाबला गेला होता. सदतीस एक्याऐंशी. भिंत वीतभर राहिली होती, म्हणजे हात लावला असता तरी ती अडतीसच्या आतच होती. हे त्याने माझ्या आधी पाहिलं होतं.

तिने भिंतीला हात लावला. त्याने तिला वर घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि तो तिचे आखूड केस पुसत राहिला. टॉवेलातूनच तिने विचारलं, "किती झाले होते, बाबा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मूठ मिटली.

"काय माहीत," तो म्हणाला. "घड्याळ मध्येच बंद पडलं."

पोरगी टॉवेलातून बाहेर आली. "तुमचं घड्याळ?" म्हणाली आणि हसत सुटली.

आता ती संध्याकाळी पोहायला जाते आणि ओठ निळे होईपर्यंत बाहेर येत नाही. स्टॉपवॉच त्याच्या फळीवर माझ्या घड्याळाशेजारी पडलेलं असतं. ते कधी दुरुस्त होणार, असं ती त्याला अधूनमधून विचारते. तो भिंग न काढता सांगतो, "तयारच आहे, फक्त तेल द्यायचंय."