टकलं आभाळ

रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे गॅरेज होतं आणि त्या गॅरेजात एक ढग राहत होता. गंमत करत नाही. बिस्किटांच्या डब्यात, पातळ कागदाच्या पाकिटात, पचमढीला काढलेल्या ढगांची एक निगेटिव्ह होती. हौसेने फोटो काढणाऱ्यांचं मंडळ दर रविवारी सकाळी तिथे भरायचं. ज्याच्या फोटोत आभाळ पांढरं पडलं असेल, त्याला डॉक्टर ती निगेटिव्ह मोठ्या मनाने वापरायला द्यायचे. पांढऱ्या आभाळाला तिथे नावच होतं, टकलं. "तुमचं आभाळ टकलं आहे हो," असं डॉक्टर म्हणाले की बाकीचे माना हलवायचे, आणि मग काळ्या पडद्यामागे, लाल दिव्यात, त्या बिचाऱ्या आभाळावर टोप चढवला जायचा.

मी तिथे कलेसाठी गेलो नव्हतो. आमच्या विणकरांच्या वस्तीत मी पत्रकं काढायचो. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलवर छापायचं, चौकात उभं राहून वाटायचं. लोक घ्यायचे आणि त्यात फुटाणे बांधायचे. फोटो असता तर निदान बांधायच्या आधी पाहिला असता, असं मनात आलं. म्हणून एका मित्राचा कॅमेरा मागून आणला आणि छापणं शिकायला या मंडळात शिरलो.

शिकवलं त्यांनी, त्यात खोट नाही. छापताना तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली उजेडात हलवत राहिलं की तिच्या सावलीतला चेहरा काळा पडत नाही, हे मला तिथेच कळलं. एका कागदावर दोन निगेटिव्ह कशा उतरवायच्या तेही कळलं. आधी आभाळाच्या जागेवर पुठ्ठा धरून खालची जमीन छापायची, मग निगेटिव्ह बदलून जमिनीवर पुठ्ठा धरायचा आणि वर ढग सोडायचा. मी चांगला शिकलो. पण चहा यायचा तेव्हा बाकीच्यांना कपबशी आणि मला काचेचा ग्लास. कोणी काही बोलायचं नाही. न बोलता जे सांगायचं असतं ते सांगण्यात ही माणसं फार तरबेज होती.

आणि तो ढग! काटोलच्या संत्र्याच्या बागेवर तोच. तलावातल्या नावेवर तोच. देवळाच्या कळसामागे तोच, फक्त निगेटिव्ह उलटी घातलेली. सगळे एकमेकांच्या फोटोतला तो ढग पाहून "वा, काय आभाळ सापडलंय तुम्हाला!" म्हणायचे. कोणाला हसू यायचं नाही. मला यायचं, तेही माझ्या वेगळ्या ग्लासासारखं त्यांनी नीट लक्षात ठेवलं असणार.

त्या मे महिन्यात आमच्या वस्तीतला नळ करंगळीएवढ्या धारेने वाहत होता. सगळ्या वस्तीला तो एकच. पिण्याला पाणी नाही तर सुताला खळ द्यायला कुठून आणणार? माग घरोघर बंद उभे होते आणि बायका रांगेत. माझ्या शेजारची मावशी, नात्याची नव्हे पण तिच्या हातचं खाऊनच मी वाढलो, रांगेत पहिली होती. भर दुपारी मी तो फोटो काढला. घागरी, बादल्या, तेलाचे रिकामे डबे; पायाखाली गोळा झालेल्या सावल्या; आणि वर नुसतं पांढरंफटक, भाजून काढणारं आभाळ.

मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. उद्घाटनाला पाणीखात्याचे साहेब येणार होते, कारण ते डॉक्टरांचे पेशंट. नवा नळ मंजूर करणं याच साहेबांच्या हातात. आमचे अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होते. निदान फोटो तरी डोळ्यांसमोर येईल. मी रविवारी गॅरेजात फोटो ठेवला.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "रचना चांगली आहे. चेहरेही. पण आभाळ अगदीच टकलं."

"ते तसंच होतं, डॉक्टरसाहेब."

"अहो, असेल. पण बघणाऱ्याने वर कुठे विसावायचं? आपला ढग घ्या की. तो सगळ्यांचा आहे."

"मले नको. ढग असते तर रांग असती काय?"

बँकेतले एक सदस्य हसले. "पत्रकवाले आहेत ते. त्यांना सगळं कोरडंच लागतं."

मोठा कागद आणि तेवढे मोठे ट्रे फक्त डॉक्टरांकडे होते, म्हणून निगेटिव्ह त्यांच्याकडे ठेवावी लागली. जसा आहे तसाच छापा, असं मी दोनदा सांगितलं. ते "बरं बरं" म्हणाले.

उद्घाटनाला मी मावशीला आणि वस्तीतल्या चार बायकांना घेऊन गेलो. ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. आमचा फोटो भिंतीच्या मधोमध, सगळ्यांत मोठा लावलेला. आणि त्यात पचमढीचा ढग! रांगेवर काळाभोर, भरलेला, आता कोसळेल असा. खाली मी लिहून दिलेलं "एकच नळ" गायब. त्या जागी सुंदर अक्षरात "प्रतीक्षा".

साहेब नेमके तिथेच थांबले. "वा! किती आशादायक आहे. आता पाऊस आलाच म्हणायचा. आठ-पंधरा दिवसांत विहिरी भरतील, यांचाही प्रश्न सुटेल."

मावशी पुढे झाली. फोटोला नाक लागेल इतकी जवळ गेली. "हे आभाळ कोणाचं गा?"

"ही कला आहे बाई," डॉक्टर म्हणाले.

"कला असन. पण हा ढग आमच्यावर आला असता तर मी घागर घिऊन उभी काहून राहिली असती? घरी नसती गेली वाळवण उचलाले?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. साहेबही हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, सावल्या पाहा. पायाखाली ऊन आहे आणि डोक्यावर पाऊस. हे कुठल्या गावात होते? तुम्ही आमची तहान पुसून टाकली अन् तिले नाव देल्लं प्रतीक्षा."

"आवाज खाली. आम्ही तुम्हाला शिकवलं, सामावून घेतलं, आणि हे तुमचं वागणं?"

"ग्लासात घेतलं सामावून!" मी म्हणालो आणि फोटो भिंतीवरून उतरवला. खिळा निघून खाली पडला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते निघून गेले. मंडळाने मला त्याच दिवशी काढून टाकलं. निगेटिव्ह मी मागून घेतली, तेव्हा बँकवाल्यांनी "आमचा ढग तर नाही ना नेत?" म्हणून पाकीट उघडून पाहिलं.

बाहेर रस्त्यावर मावशी माझ्यावरच भडकली. "पोट्ट्या, साहेब हसून राहिला होता. हसता माणूस होय म्हणते. तू त्याले पळवलं."

"खोट्या फोटोवर होय घ्यायचं काय मावशी?"

"तुले फोटो पाहिजे. मले पाणी पाहिजे."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या फोटोत पाऊस येऊन राहिला त्या फोटोवर नळ मागायचा कसा? पण रिकामी घागर रोज तिच्या डोक्यावर होती, माझ्या नव्हती.

इतवारीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याच्या हातापाया पडून मी त्याच्या अंधारखोलीत निगेटिव्ह पुन्हा छापली. मंडळात शिकलेली टिकली इथे उपयोगी पडली. उन्हामुळे मावशीचा चेहरा काळा ठिक्कर आला होता. टिकली हलवत त्यावरचा उजेड अडवला, तेव्हा तिचे डोळे दिसू लागले. कोणी म्हणेल, मग तूही हात घातलासच की! घातला. डोळे तिला होतेच. मी ते पचमढीहून आणले नाहीत.

सोमवारी आम्ही तो फोटो घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेलो. बायका घागरींसह अंगणात थांबल्या, मी आणि मावशी आत. साहेबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हा तो नाही. त्याच्यात ढग होते."

"ते डॉक्टरांनी घातले होते, साहेब."

"असं कसं? डॉक्टर सज्जन माणूस आहे." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही ढग काढून टाकलेत! तुम्हीही त्यांच्याच मंडळात होतात ना? ही हातचलाखी तिथेच शिकवतात, मला माहीत आहे. नळ हवा म्हणून आभाळ पुसता होय?"

टेबलावर माझा फोटो, छताला फिरता पंखा, आणि खरं काय ते ठरवणार हा माणूस.

मावशीने फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा टाकला. "साहेब, फोटो राहू द्या. चला बाहेर."

"कशाला?"

"चला तं."

ते पायरीपर्यंत आले. अंगणात घागरी एकीला एक लावून ठेवल्या होत्या, थेट फाटकापर्यंत, आणि साहेबांची जीप त्यांच्या पलीकडे. वर पाहायचं त्यांच्या मनात आलं नसतं, पण उजेडच असा होता की कपाळावर हात धरावा लागला. कोणी घोषणा दिली नाही. बायका नुसत्या बसून राहिल्या. मावशी पायरीवर त्यांच्या पायाशी बसली.

"उद्या टँकर पाठवतो," साहेब म्हणाले.

"उद्या नाही. आज."

"बाई, वाट सोडा. मला जेवायला जायचंय."

"जा ना. घागरी उचलून ठिवा बाजूले. रिकाम्याच आहेत, जड नाही लागणार."

ते आत गेले आणि फोन फिरवू लागले. टँकर संध्याकाळी वस्तीत आला. नळ नाही आला. नळासाठी आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा गेलो, मग त्याच्या पुढच्या, आणि दर वेळी फोटो घरीच ठेवून.