मोजणीबाहेरचा गाळा

उत्तर इंग्लंडमधल्या होल्डनक्लफच्या मार्केट हॉलमध्ये माझा गाळा बूट दुरुस्तीचा. टाचा बदलायच्या, तळवे ठोकायचे, किल्ल्या करून द्यायच्या. समोरचा गाळा विनी कर्शॉचा, रेकॉर्डांचा. मध्ये फक्त चालायची वाट. त्यामुळे अर्धं आयुष्य तिची गाणी मला आणि माझी ठोकाठोकी तिला ऐकावी लागली. तक्रार दोघांनीही रोज केली, गाळा मात्र कुणी बदलला नाही.

विनीला जाऊन आता वर्ष होत आलं. बाई बुटकी, रुंद, आवाजाने खणखणीत. अंगात निळा नायलॉनचा झगा, केस दर शुक्रवारी पार्लरमध्ये बसवून घेतलेले आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत न हललेले. दिवसभर पॉप गाणी विकायची, पण त्यातलं एकही तिला आवडत नसे. तिला ब्रास बँड आवडायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "अर्नल्ड, तू काय रोज रात्री बूट घालून झोपतोस?"

नवरा फ्रँक कापडगिरणीत होता. ऐंशी साली गिरणीला कुलूप लागलं आणि त्याच हिवाळ्यात फ्रँकही गेला. विनीने गाळा फक्त अंत्यविधीच्या दिवशी बंद ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच झगा, तीच बडबड. फक्त हसायची ती बंद झाली. गिऱ्हाइकाला ते कळत नसे, कारण ती बोलायची पूर्वीसारखीच. समोर बसणाऱ्याला कळायचं.

मुलगी एकच, लिनेट. बिस्किटाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर पुडे भरायची आणि संध्याकाळी चॅपलच्या मागच्या खोलीत तीन पोरांबरोबर गायची. त्या पोरांकडे एक विजेचं वाद्य होतं, त्यातून बदकासारखे आवाज निघत. त्या काळात सगळ्याच गाण्यांत ती बदकं शिरली होती. ब्याऐंशीच्या वसंतात लंडनच्या एका कंपनीने त्यांचं एक गाणं रेकॉर्ड केलं. बसची वाट बघणाऱ्या मुलीचं गाणं होतं. मला ते तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण लिनेटचा आवाज चांगला होता, ते खोटं कशाला बोला.

कंपनीची अट साधी होती. गाणं देशभरातल्या खपाच्या यादीत पहिल्या चाळिसात आलं तर दुसरं काढू, नाही आलं तर रामराम. त्या चाळिसाचं काय खूळ होतं ते आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. मंगळवारी दुपारी रेडिओवर नवी यादी यायची आणि रविवारी चहाच्या वेळेला ती चाळीसच्या चाळीस गाणी वाजायची. घरोघरी पोरं टेपच्या बटणावर बोट ठेवून बसलेली, निवेदकाचा आवाज टेपमध्ये यायला नको म्हणून. नेमकी त्याच वेळी आई जेवायला हाक मारायची, आणि गाण्याच्या मध्येच ती हाक कायमची टेपमध्ये जायची. चाळिसातलं गाणं सगळ्या देशाला ठाऊक. एक्केचाळिसावं म्हणजे गायलंच नाही म्हणा.

लिनेटने कारखान्यातून बिनपगारी सुट्टी घेतली. फोरवूमन म्हणाली, "जा बाई जा. परत आलीस तर तुझी जागा कुठे पळून जात नाही."

रेकॉर्ड आली सोमवारी. विनीने दर्शनी फळीवरून बाकी सगळ्यांना हाकललं आणि लेकीची रेकॉर्ड ओळीने मांडली. त्या सकाळी लिनेट हॉलमध्ये आली होती. आधी माझ्या गाळ्यापाशी थांबली. म्हणाली, "अर्नल्डकाका, ही टाच ढिली वाटते का बघा." टाच चांगली घट्ट होती. मी तसं सांगितलं, पण तिचं लक्ष कुठे होतं? ती समोर आईकडे बघत होती. तिथे मिसेस टॅटरसॉल उभ्या होत्या, वय पंचाहत्तरच्या पुढे, कानाला यंत्र.

"एक दे बाई लेकीची," त्या म्हणाल्या.

"अगं पण तुझ्याकडे वाजवायला आहे काय?" विनीने विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"मग काय? माझ्याकडे बायबल आहे, ते तरी मी कुठे रोज उघडते? दे गुपचूप."

आणि विनी हसली. दोन वर्षांनी. मी वर बघितलं तोवर लिनेट पलीकडच्या पेस्टीवालीकडून सारण भरलेली एक गरम पेस्टी घेऊन दारातून बाहेर पडत होती. आईला न भेटताच गेली. मला वाटलं, पोरीला लाज वाटली असेल, किंवा मोठेपणा चढला असेल. कारण काहीही असो, आईला हाक मारायला काय जातं, असंही मनात आलं.

त्या आठवड्यात सगळं गाव विनीच्या गाळ्यावर लोटलं. खाटीक आला, चॅपलचा पाद्री आला, बसचे ड्रायव्हर बस चौकात उभी करून आले. लेकीचं गाणं आईकडून नाही घ्यायचं तर कुणाकडून? गिरणी बंद झाल्यापासून गावाला अभिमान वाटावा असं काही घडलंच नव्हतं. विनी प्रत्येक रेकॉर्ड कागदी पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड दोनदा दुमडायची आणि दोन्ही हातांनी द्यायची, वाढदिवसाचा केक दिल्यासारखी. एरवी ती सुटे पैसेसुद्धा फेकायची.

पुढच्या मंगळवारी हॉल अर्धाच दिवस होता, पण दुपारी कुणी घरी गेलं नाही. मासेवाल्याने रेडिओ बर्फाच्या पेटीवर ठेवला. यादी चाळिसापासून सुरू झाली आणि पहिल्यावर संपली. त्यात लिनेट नव्हती.

मासेवाला म्हणाला, "अरे, माझ्या घरातच तीन आहेत. मग आम्ही घेतल्या त्या गेल्या कुठे?"

विनी झग्याला हात पुसत होती. हात कोरडेच होते. म्हणाली, "इथल्या मोजत नाहीत."

"इथल्या म्हणजे?"

"माझ्या गाळ्यावरच्या. सगळी दुकानं कोण मोजणार? यादीवाले आपली काही दुकानं निवडतात आणि तिथला खप धरतात. आपल्याकडे डगडेलचं दुकान मोजणीत आहे. मला आज सकाळी कळलं."

होल्डनक्लफमध्ये याहून वाईट बातमी देता आली नसती. डगडेल पूर्वी आमच्याच हॉलमध्ये होता. मग त्याने टेकडीवर मोठं दुकान काढलं, पुढे वॉशिंग मशीनं, मागे रेकॉर्ड्स. जाताना म्हणून गेला, की या हॉलला माशांचा वास येतो. वास येतोच, पण म्हणायचं नसतं. त्या दिवसापासून हॉलमधलं कुणी त्याच्या दुकानाची पायरी चढलं नव्हतं. विनी तर रस्त्यात तो दिसला की दुसऱ्या फुटपाथला जायची.

संध्याकाळी कंपनीकडून निरोप आला. गाणं त्रेचाळिसावर आहे, आणखी एक आठवडा वाट बघू.

विनीने गाळ्यावर उरलेल्या रेकॉर्ड्स खोक्यात भरल्या. खोकं जड होतं म्हणून मी बरोबर गेलो. आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं. डगडेल एका वॉशिंग मशीनचं झाकण पुसत होता. विनीला दारात बघून त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"मिस्टर डगडेल, या रेकॉर्ड्स घ्या आणि तुमच्या दुकानातून विका. उद्यापासून गाव तुमच्याकडे पाठवते."

"तुमचा माल? माझ्या दुकानातून?"

"माल कुणाचा का असेना, लेक माझी आहे."

डगडेलने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग तो म्हणाला, "बसा ना जरा, मिसेस कर्शॉ."

"बसायला नाही आले. आणि हो," ती दारातून वळून म्हणाली, "तुमच्या दुकानाला साबणाचा वास येतो."

दुसऱ्या दिवशी ती हॉलच्या दारातच उभी राहिली आणि येईल त्याला टेकडीकडे वळवू लागली. हे काम सोपं नव्हतं. मिसेस टॅटरसॉल म्हणाल्या, "त्या माणसाच्या दारात मी मेले तरी पाय ठेवणार नाही."

"मेल्यावर नको, आज ठेव," विनी म्हणाली. "माझ्यासाठी ठेव."

मग गेल्या. सगळेच गेले. ज्यांनी एक घेतली होती त्यांनी दुसरी घेतली. वॉशिंग मशीनच्या मधून रांग लागली, रस्त्यापर्यंत. विनीचा गाळा त्या आठवड्यात ओस पडला. ती स्टुलावर बसून दाराकडे बघायची. मी एकदा चहा नेऊन दिला तर म्हणाली, "विकायला काही नसलं की हातांचं काय करायचं रे?"

त्यानंतरच्या मंगळवारी यादीत लिनेट नव्हतीच. रेडिओ बंद केला तोच डगडेल स्वतः हॉलमध्ये आला. इतक्या वर्षांनी. दुकानातला कोट तसाच अंगात. सरळ विनीपाशी गेला.

"यादीवाल्यांनी माझा आकडाच काढून टाकला, गाणं आता खालीही कुठे नाही," तो म्हणाला. "एका कोपऱ्यातल्या गावात, एकाच दुकानात, एकच गाणं एवढं खपतं म्हणजे काही तरी लबाडी आहे म्हणे. मी फोनवर शपथेवर सांगितलं, की माणसं खरी आहेत, मी सगळ्यांना नावाने ओळखतो. ते हसले."

तो काय सांगत होता ते कळायला आम्हाला वेळ लागला. पहिल्या आठवड्यात गावाने मोजणीबाहेरच्या गाळ्यावर घेतली, म्हणून वाया. दुसऱ्या आठवड्यात मोजणाऱ्या ठिकाणी घेतली, पण सगळ्यांनी मिळून घेतली, म्हणून वाया. दोन्ही आठवडे थोडी थोडी डगडेलकडून घेतली असती तर कुणाला संशयही आला नसता. पण आमच्या गावाला थोडं थोडं काही करता येत नाही. वाळीत टाकायचं तर सगळ्यांनी, आणि रांग लावायची तरी सगळ्यांनी.

विनीने डगडेलला स्टूल दिलं. "बसा," म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार?" तेवढं एक चांगलं झालं. पुढे तो मरेपर्यंत दर मंगळवारी तिच्याकडे चहाला यायचा आणि वासाबद्दल काही बोलायचा नाही.

लिनेट सोमवारी कारखान्यात परत गेली. आली तशी पट्ट्यावर उभी राहिली. पुढे लग्न केलं, दोन मुलं झाली, त्याच कारखान्यात फोरवूमन झाली. गाण्याचं नाव तिने काढलं नाही आणि कुणी काढलं तर ती विषय बदलायची. हॉल पुढे नव्याने बांधला, विनीच्या गाळ्याच्या जागी आता कॉफी मिळते. ती रेकॉर्ड मात्र गावात अजून आहे. कुणाचं घर आवरायला काढलं की निघतेच, बऱ्याचदा दोन.

आता शेवटचं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, रविवारी, मी नेहमीप्रमाणे विनीकडे चहाला गेलो होतो. लिनेटही होती. रेडिओवर जुन्या याद्या पुन्हा वाजवतात, त्या दिवशी नेमका ब्याऐंशीचा तो आठवडा निघाला. मी बंद करायला उठलो.

"राहू दे," विनी म्हणाली.

तिने चाळीसच्या चाळीस ऐकली. मधूनच एखाद्या गायिकेला, "ही बया तर मुळीच खपली नाही," एवढं म्हणायची. यादी संपल्यावर तिने कप बाजूला सरकवला. लिनेट मोरीपाशी बशा विसळत होती.

"लिनेट," विनी म्हणाली, "मी खोटं बोलले होते. त्या मंगळवारी कळलं नव्हतं मला. आधीपासूनच ठाऊक होतं."

लिनेटने नळ बंद केला.

"कंपन्यांच्या गाड्या डगडेलच्या दारात थांबायच्या, फुकटच्या रेकॉर्ड्स उतरवायच्या. मोजणी ज्याच्याकडे होते त्यालाच असं फुकट मिळतं, हे धंद्यातल्या कुणालाही कळतं. माझ्याकडे कधी कुत्रं फिरकलं नाही. सोमवारीच सांगायला हवं होतं, की माझ्याकडून घेऊ नका. पण तुझी रेकॉर्ड, आणि मी म्हणू त्याच्याकडून घ्या? म्हटलं, एक आठवडा. एकच आठवडा मी माझ्या हाताने विकीन." तिचा आवाज कधी फाटलेला मी ऐकला नव्हता. "तुझं सगळं त्या आठवड्यात गेलं गं."

लिनेट बशी पुसत राहिली. मग म्हणाली, "मलाही ठाऊक होतं, आई."

"काय?"

"कंपनीच्या माणसाने आदल्या दिवशी फोन केला होता. आईला सांग, स्वतःकडे एकही विकू नको, म्हणाला. सोमवारी सकाळी तेच सांगायला हॉलमध्ये आले होते. विचार अर्नल्डकाकांना."

विनीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. घट्ट असलेली टाच तिने तेव्हा मला का दाखवली, ते माझ्या आत्ता लक्षात आलं होतं.

"आली होतीस तर बोलली का नाहीस?"

"तू मिसेस टॅटरसॉलला रेकॉर्ड देत होतीस. पिशवी दुमडून. आणि हसत होतीस." लिनेटने बशी फळीवर ठेवली. "बाबा गेल्यापासून तू हसली नव्हतीस. आता हिला कसं सांगू, असं झालं मला. म्हटलं, एक आठवडा."

"मग?"

"मग काय. पेस्टी घेतली आणि गेले."

टेबलावरचं फडकं विनीने उलगडलं आणि पुन्हा त्याची घडी घातली.

"कसली होती?" तिने शेवटी विचारलं.

"चीज-कांद्याची."

"त्या पेस्टीवालीची नेहमी खारट व्हायची."

"होती खारट," लिनेट म्हणाली.

विनी उठली, लिनेटच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि बशा पुसायला लागली. माझा कप मी टेबलावरच ठेवला. मोरीपाशी तिसऱ्याला जागा नव्हती.