आधी चिठ्ठी, मग मेंढी

बुरुल एजे (किर्गीझमध्ये एजे म्हणजे ताई) अठ्ठावीस वर्षं बिश्केकच्या विद्यापीठात उत्क्रांती शिकवत होत्या. मेंढ्यांच्या कानांचे नखाएवढे तुकडे त्यांनी घोड्यावरून दऱ्या पालथ्या घालून जमवले. त्यांचा विद्यार्थी एर्मेक ते जर्मनीला घेऊन गेला, त्यांतले जीनोम वाचले आणि डॉक्टरेट घेऊन परतला. आत-बाशी खोऱ्यातल्या कळपात रानमेंढ्यांचं रक्त आहे, हा त्याचा शोध पुढच्या सोमवारी छपाईला जायचा होता.

“कान मी कापले, टाळ्या त्याला,” एजे मला म्हणाल्या. मी त्यांची प्रयोगशाळेतली मदतनीस.

मंगळवारी एर्मेकचा निबंध वाचता वाचता त्यांनी आपली जुनी वही काढली. वहीत आत-बाशीच्या मेंढ्या बारा, सूसामीर खोऱ्यातल्या नऊ. निबंधात नेमकं उलटं. नमुने जमवले त्या वर्षी परतीच्या वाटेवर, जीपमध्ये बसून, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी आठवणीवरून लिहिल्या होत्या. पिशव्यांची अदलाबदल झाली होती.

“त्याला सांगणार ना?” मी विचारलं.

“छापून येऊ दे. मग सांगते, सगळ्यांदेखत.” त्यांनी वही पर्समध्ये टाकली.

शनिवारी विभागानं एर्मेकसाठी मेंढी कापली. मांस वाटताना खुब्याचं हाड, वडीलधाऱ्यांच्या मानाचं, त्यानं स्वतः एजेंच्या ताटात ठेवलं.

“म्हातारी झाले म्हणतोस?”

“तुम्ही म्हाताऱ्या झालात तर आम्हाला झापणार कोण, एजे?”

सगळे हसले. एजेंनी सुरीला हात लावला नाही.

मग एर्मेक बोलायला उभा राहिला. “पहिल्या वर्षी मी एका नमुन्याला चिठ्ठी लावली नव्हती. एजेंनी माझं दोन महिन्यांचं काम कचऱ्यात टाकलं. म्हणाल्या, आधी चिठ्ठी, मग मेंढी. जर्मनीत विचारायचे, नमुने पडताळलेस का? मी सांगायचो, बुरुल एजेंचे आहेत, गरज नाही.”

“गरज होती,” एजे म्हणाल्या. पर्समधून वही काढून त्यांनी त्याच्यापुढे सरकवली. “चिठ्ठ्या मी मागून लिहिल्या.”

त्यानं ते पान दोनदा वाचलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“मंगळवारी.”

“आज शनिवार आहे, एजे.”

“माहीत आहे.”

तो वही घेऊन बाहेर गेला. ताटातलं हाड गार झालं.

शरदात निबंध निघाला, सूसामीरच्या कळपाच्या नावानं. शेवटच्या पानावर आपली चूक कबूल करणारी एजेंच्या सहीची टीप होती. अंक विभागात आला तेव्हा त्यांनी ते पान उघडलं नाही. मुखपृष्ठावरचा एर्मेकचा फोटो मात्र बराच वेळ पाहिला.