दामूशेठचा गुडघा

खोटं बोलता तुम्ही. तोंडावर सांगता, "पुस्तक वाचलं हं, झकास जमलंय," आणि पुस्तक पडलेलं असतं टीव्हीच्या मागे, वरचं प्लास्टिकसुद्धा न फाडलेलं. नाव कोणाचंच घेत नाही. पण या एका गोड खोट्यापायी मी माझ्या बहिणीच्या लग्नात काय करून बसलो, ते ऐकाच. चहा निवला तर निवू द्या.

कादंबरी लिहायला मला तीन वर्षं लागली. पाच वेळा पुन्हा लिहिली. प्रकाशकांकडून उत्तरं येईनात, तेव्हा ठरवलं, आपणच छापू. जळगावात लग्नपत्रिका छापणारा एक प्रेसवाला गाठला. प्रुफं मीच तपासली, चारदा. मुखपृष्ठ मित्राने केलं. मागच्या पानावर 'ग्रामीण वास्तवाचा निर्भीड वेध' असं माझ्याबद्दल मीच लिहिलं. मग गठ्ठे पाठीवर घेऊन एसटीने धुळे, भुसावळ, एरंडोल. दुकानदार पुस्तकं ठेवून घ्यायचे, पण तलाठी भरतीच्या गाइडांखाली. महिन्याने जाऊन बघावं, तर वरची गाइडं बदललेली आणि माझी पुस्तकं तिथेच, आणखी थोडी चपटी.

कादंबरीतला दुष्ट माणूस म्हणजे दामूशेठ. कापसाचा व्यापारी. घरातही काळा चष्मा, तोंडात कायम लवंग. शेतकऱ्याचा कापूस मोजताना हा काट्याच्या पाळण्याला खालून हळूच गुडघा लावतो, म्हणजे वजन कमी भरतं. या गुडघ्याचा मला फार अभिमान होता. चष्मा काय, लवंग काय, कोणालाही सुचेल. गुडघा मात्र अस्सल माझ्या कल्पनेतला.

पुस्तक आलं आणि चार महिन्यांनी ताईचं लग्न ठरलं. सासर दोंडाईचाचं. मोठं एकत्र कुटुंब, आणि त्यात शब्द चालायचा मुलाच्या थोरल्या काकांचा, म्हणजे नानांचा. साखरपुड्यात मी त्यांना सही करून प्रत दिली. नानांनी ती कपाळाला लावली. मग खिशातून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि तोंडात लवंग टाकली.

मी चाचरत विचारलं, "नाना, आपला व्यवसाय?"

"कापूस," नाना म्हणाले.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? प्रत परत मागायची, तर ती एव्हाना त्यांच्या गाडीत गेलेली. पुढचे पंधरा दिवस फोन वाजला की मी अंगणात पळायचो. शेवटी मीच फोन लावला. नाना म्हणाले, वाचलं, बठ्ठं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, भारी लिहिलंय. केवढा दिलदार माणूस, असं वाटून माझे डोळे भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांनीच मी पुढचा निर्णय घेतला.

आमच्याकडे जेवणाच्या पंगतीआधी वरपक्षाच्या मोठ्या माणसांच्या डोक्यावर टोपी ठेवतात, हातात टॉवेल देतात. मी कॉलेजपासून या मानपानाविरुद्ध बोलत आलेला. मी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे लागलो की टोपी-टॉवेल बंद, प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं. माझ्या कॉटखालचे गठ्ठेही त्यात हलणार होते, पण मी बोललो फक्त समाजसुधारणेवर. आबांनी आठ दिवस नकार दिला, मग ते दमले. ताईला विचारायचं राहिलं. तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं, मग तिला काय विचारायचं?

लग्न लागलं. मी हाराऐवजी पुस्तकांची पिशवी गळ्यात अडकवून वाटत सुटलो. पाहुण्यांनी मुकाट्याने पुस्तकं घेतली. उकाडा होता, त्यामुळे लगेच उपयोगही सुरू केला. शे-दीडशे माणसं माझ्या तीन वर्षांच्या मेहनतीने वारा घेत होती.

तेवढ्यात आबा आले. चेहरा उतरलेला. नाना उठून बाहेर गाडीत जाऊन बसले होते. नाना बसत नाहीत तोवर वरपक्षातलं कोणी पंगतीला बसणार नव्हतं, आणि वरण-बट्टी निवत चालली होती. ताई मांडवातून आमच्याकडे बघत होती.

कोणीही शहाणा माणूस ओळखेल की नाना टोपीवरून रुसले. पण मी लेखक ना. मला वाटलं, एकट्याने वाचलं तेव्हा नानांनी सोसलं, आता ते पुस्तक सगळ्या गावाच्या हातात बघून त्यांना लागलं. आबा टोपी आणायला माणूस पाठवत होते. मी म्हटलं, थांबा, हा माझा विषय आहे. आणि गाडीकडे धावलो. माझ्या मागे निम्मा मांडव.

मी हात जोडले. "नाना, देवाशप्पथ, तो दामूशेठ म्हणजे तुम्ही नाही."

नानांनी काच खाली केली. "कोण दामूशेठ?"

"कादंबरीतला. चष्मा आणि लवंग निव्वळ योगायोग आहे. आणि काट्याला गुडघा लावायचं तर मी मनानेच रचलं."

नानांचं लवंग चघळणं थांबलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "गुडघ्याचं तुला कोणी सांगितलं?"

माझ्या मागे पानं उलटल्याचा आवाज आला. आधी एका ठिकाणी, मग दहा ठिकाणी. कोणीतरी विचारलं, पान कितवं? आणि दोंडाईचाच्याच एका शेतकरी पाहुण्याने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लेखक याच क्षणाची जन्मभर वाट बघतो म्हणतात. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो, बाबा रे, मिटव ते पुस्तक.

आबांनी टोपी आणवली, स्वतः वाकून नानांच्या डोक्यावर ठेवली. नाना अर्धी बट्टी खाऊन उठले. ताई सासरी गेली, ती माझ्याशी एक शब्द न बोलता.

मग आखाजी आली. लेकींनी माहेरी यायचा सण, त्यातून ताईचा पहिलाच. मी तिला घ्यायला दोंडाईचाला गेलो. नानांनी मला ओट्यावरच बसवलं. म्हणाले, यंदा जमणार नाही, घरात काम आहे, आणि चष्मा चढवून निघून गेले. दाराच्या फटीतून ताई दिसली. डोळे पुसत होती. तिच्यासाठी आणलेल्या बांगड्या मी ओट्यावर ठेवल्या. घरी तिच्यासाठी आखाजीचे झोके बांधलेत, हे सांगायचं धाडस झालं नाही.

उठणार, तेवढ्यात नानांची बायको, अक्का, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. इकडेतिकडे बघून त्या माझ्याजवळ टेकल्या आणि पुस्तक वाचल्याचं म्हणाल्या. त्यांनी खरंच वाचलं होतं. पदराआडून काढलेल्या प्रतीत पानाच्या खुणेला सुपारीचा कागद घातलेला होता. पहिला खरा वाचक. मी विचारलं, "कसं वाटलं, अक्का?"

"बाकी ठीक शे, भाऊ," अक्का म्हणाल्या. "पन त्या दामूशेठनी बायको बठ्ठा पुस्तकमा एक सबद बोलस नही. मुकी शे का ती?"