मुडे सर आणि त्यांचा ब्लँक

मुडे सरांची नि माझी पहिली ओळख झाली ती बोलणी खाऊनच. सत्तरच्या दशकात मी वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी परीक्षानळीच्या तोंडाला अंगठा लावून ती हलवली, तसे विभागप्रमुख मुडे सर लांबूनच ओरडले, "बूच नाई भेटत का तुले?"

सरांच्या साठीनिमित्त सर्वांनी गोड लिहावं, असा गौरव अंकाच्या संपादकांचा निरोप आहे. लिहीन, पण या गृहस्थांनी मला किती छळलं, ते आधी सांगणार.

हिंगणघाटच्या गिरण्यांतलं रंगाचं पाणी त्यात लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की फिकं पडतं. ते फिकं नेमकं कोण करतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय; मार्गदर्शक मुडे सरच. माझ्या मते हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे पेरॉक्साइड फुटून निघणारा एक आक्रमक कण. पण तो दिसत नाही, क्षणभर टिकत नाही. म्हणून बेंझोइक आम्ल घालायचं. मूलकानं त्याला गाठलं की सॅलिसिलिक आम्ल तयार होतं आणि लोहामुळे जांभळा रंग येतो. माझ्या नळ्या झकास जांभळ्या होत होत्या. प्रबंध टाइप झाला होता. तो त्या महिन्यात गेला तरच माझी नोकरी पक्की होणार होती.

आणि सर सही करेनात!

"पेरॉक्साइड न घालता करून पाह्यलं का? ब्लँक कुठाय?"

"सर, पेरॉक्साइडच नाही, तर मूलक येणार कुठून?"

"मले काऊन विचारतो? नळीले विचार."

बोरगाव मेघे गावातल्या माझ्या खोलीवर येऊन मी सरांच्या नावानं बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी चिडूनच ब्लँक लावला, म्हणजे पेरॉक्साइड वगळून बाकी सगळं तसंच घातलं, आणि अंगठा दाबून नळी हलवली. जांभळी! सर माझ्या हाताकडे बघत होते.

"अंगठ्याले काय लावून राह्यला?"

गजकर्णाचं मलम. त्यात सॅलिसिलिक आम्लच असतं. वर्षभर मी मूलक म्हणून स्वतःचं मलम मोजत होतो.

सर हसले नाहीत. प्राचार्यांकडे जाऊन "उशीर माझ्याकडून झाला" असं सांगून त्यांनी माझ्यासाठी सहा महिने मागून आणले. मग बाह्या सरसावून माझ्याबरोबर नळ्या घासल्या आणि मूठभर बुचं टेबलावर ओतली. या खेपेला ब्लँकला रंग आला नाही. पेरॉक्साइडच्या नळीत आला; फिका, पण खरा. मलमाची गोष्ट सरांनी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

हा लेख त्यांना आधी दाखवला, ही माझीच चूक. 'सरांमुळे मी घडलो' या वाक्याखाली तांबडी रेघ मारून परत आला: "कशावरून? मी नसतो तरी घडला असता. ब्लँक कुठाय?"

हात टेकले बुवा! सर, तुम्ही सांगितलेले सगळे ब्लँक मी केले. तुम्ही नसलेला ब्लँक मात्र मला करायचा नाही. खूप जगा, ठणठणीत राहा, आमच्यावर असेच ओरडत राहा. तेवढं एक वाक्य पुराव्याशिवाय राहू द्या.