कासवाच्या पाच फासळ्या

हेडवेल्डर बबनरावांनी माझ्या टेबलावर वीतभर पाईपचा तुकडा ठेवला. "म्याडम, ह्यो कासवाच्या भंगारात सापडला. वाचा जरा." पाईपवर ग्रेड छापलेला होता, ३०४. आमच्या कामाला हवा होता ३१६.

मी नगर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्वालिटी बघते. एरवी आम्ही डेअऱ्यांसाठी दुधाच्या टाक्या करतो, त्या ३०४ स्टेनलेस स्टीलच्या. हे काम मात्र कासवाचं होतं. कोकणातल्या एका किनाऱ्यासाठी शिल्पकार अदितीताईंनी ते डिझाइन केलं होतं. अकरा फूट लांब, पोटाला पाईपच्या फासळ्या. किनाऱ्यावर सापडलेलं प्लास्टिक लोकांनी त्या पोटात टाकायचं, म्हणजे खऱ्या कासवांच्या पोटात काय जातं ते दिसेल. खाऱ्या हवेत ३०४ वर गंज चढतो. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, म्हणून तो टिकतो.

टाक्यांची उरलेली पाईप चुकून ३१६ च्या रॅकवर गेली होती. रॅक तपासणं माझं काम. मी नुसतं पाईपच्या बंडलासोबत आलेलं सर्टिफिकेट बघून सही केली होती.

आता कासव वेल्ड होऊन पॉलिशही झालं होतं. छापील ग्रेड पुसले गेलेले, दिसायला सगळ्या फासळ्या सारख्या. दुसऱ्या दिवशी गाडी निघणार होती, रविवारी उद्घाटन. मालक म्हणाले, दोन-चार पाईपनी काय होतंय, जाऊ दे.

"सर, सही माझी आहे. मी अदितीताईंना फोन करते," एवढंच बोलले. त्यांनी अडवलं नाही.

सगळं ऐकून अदितीताई म्हणाल्या, "गंजलेली पाईप पोरांच्या हाताला लागेल. कापा. रविवारचं मी बघते."

यासाठी एक टेस्ट असते. पाईपवर केमिकलचा थेंब टाकून छोटी बॅटरी लावायची. थेंब तपकिरी झाला तर ३१६. चौसष्ट फासळ्या होत्या. पहिल्या वीस बरोबर निघाल्या, एकविसावीवर थेंब तसाच राहिला. एकूण पाच चुकीच्या.

"झालं की म्याडम," बबनराव म्हणाले.

मला खात्री वाटेना. सगळ्या पुन्हा तपासल्या. पाचच.

त्या कापून नव्या बसवेपर्यंत सोमवार उजाडला. रविवारी अदितीताईंनी वाळूत काठीने कासव रेखलं आणि लोकांनी गोळा केलेल्या बाटल्या त्यात मांडल्या. तो फोटो आला तेव्हा मी तो शॉपमध्ये कुणाला दाखवला नाही. मालक दोन आठवडे माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले.

कासवाने आता दोन पावसाळे काढले आहेत. डाग नाही.

सर्टिफिकेट बंडलाचं असतं, रॅकवर उरलेल्या पाईपचं नसतं. हल्ली आधी थेंब, मग कटिंग, आणि सही सगळ्यात शेवटी.