दहापैकी चार

खेडच्या डॉक्टरांनी मला नऊ वर्षं फसवलं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझी चूक सांगितली तरी हे खोडलं जाणार नाही.

माझा सुक्या मासळीचा धंदा. दाभोळच्या बंदरावर सुकट, बोंबील घ्यायचे आणि खेडच्या बाजारात विकायचे. एका पाटीपासून सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे. हे सगळं जमलं ते एका सवयीवर: आपली गरज तोंडावर दिसू द्यायची नाही. माल हवाच असला तरी नको असल्यासारखं उभं राहायचं, पहिला आकडा निम्म्याने सांगायचा. पुढे समोरचा चढवत नेतो. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कोयता फिरवल्यासारखं व्हायचं, तेव्हाही मी ताठ उभी राहून घासाघीस केली. बाजारातल्या बाकीच्या मासळीवाल्या म्हणायच्या, "हिला दुखत नाय गो, ही लाकडाची हाय."

शेवटी खेडच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, दहापैकी किती दुखतं? मी सवयीने म्हणाले, चार. वाटलं, ते म्हणतील, चारच? मग सातवर येऊ, आठवर येऊ. त्यांनी मान वर न करता चार लिहिलं, गोळ्या दिल्या आणि मूल झालं की थांबेल म्हणाले. पुढे प्रत्येक खेपेला जुना कागद बघून त्याच गोळ्या.

मूल झालं नाही. शेवटी बाजारातच चक्कर येऊन पडले तेव्हा नवऱ्याने मुंबईला नेलं. तिथे एंडोमेट्रिओसिस निघाला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, माझ्यात तो आतड्यापर्यंत चिकटला होता. एक अंडाशय काढावं लागलं. तरी दुखणं पुरतं गेलं नाहीच, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधांच्या जोडीला ऑनलाइन माइंडफुलनेसचे, म्हणजे श्वासाकडे लक्ष देऊन बसायचे, वर्ग सुचवले.

दर बुधवारी दुपारी गोदामात गोणीला मोबाइल टेकवून बसते. शिकवणारी पुण्याची थेरपिस्ट पहिल्याच दिवशी म्हणाली की याने आजार बरा होत नाही, दुखणं सोसणं थोडं सोपं होतं. मालातली खोट आधी सांगणारं माणूस मला पटतं. डोळे मिटायचे, श्वास बघायचा, मग दुखतं ती जागा बघायची. मी मनात दुखण्याशीच सौदा करायचे. दहा मिनिटं बसते, संध्याकाळपर्यंत मला सोड. हे तिला सांगितलं तर ती हसली.

"ताई, आज भाव करू नका. नुसतं बघा. किती आहे?"

"चार."

"मी गिऱ्हाईक नाही तुमचं. खरं किती?"

तोंडातून नऊ निघालं. म्हणून दुखायचं काही कमी झालं नाही. रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

जुने कागद घेऊन खेडला गेले. डॉक्टर म्हणाले, "आकडा तुम्हीच सांगितलात."

सांगितला, कबूल. पण मी साधे बोंबील घेतानासुद्धा सांगणाऱ्याच्या शब्दावर जात नाही, मोडून बघते, वास घेते. नऊ वर्षांत त्यांनी माझ्या पोटाला एकदाही हात लावला नाही, सोनोग्राफी करून घ्या म्हणाले नाहीत. असं का, म्हणून मी टेबलासमोर उभी राहून विचारलं. त्यांनी बेल दाबून पुढच्या पेशंटला बोलावलं.

म्हणून इथे लिहून परत विचारते. डॉक्टर, मी चार म्हणाले, पण तुम्ही तपासलं का नाहीत? उत्तर द्या.